विश्लेषण : तंबूतली शेगडी जीवघेणी का ठरते? थंडीतल्या कॅम्पिंगमध्ये सुरक्षित ऊब कशी मिळवावी?

डिसेंबर-जानेवारीचे शनिवार-रविवार आले, की पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली भागातून दोन दिशांना गर्दी निघते. एक ठाकूरवाडीमार्गे प्रबळमाचीकडे, दुसरी द्रुतगती मार्गाने लोणावळा ओलांडून पवना धरणाच्या काठाकडे. तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, गाणी असा ठरलेला बेत असतो. अडचण सुरू होते ती रात्री दोननंतर. शेकोटी विझते, दव पडू लागते, पातळ स्लीपिंग बॅगमधून जमिनीचा गारवा पाठीला लागतो. मग कुणाला तरी वाटते, बार्बेक्यूतले उरलेले निखारे तंबूत घ्यावेत. धूर तर नाही, मग काय बिघडले? नेमके हेच गृहीतक जीवघेणे ठरते.

यापूर्वी काय घडले आहे?

सर्वात जास्त चर्चा झालेली घटना नेपाळमधल्या दामनची (आपल्या केंद्रशासित दमणची नव्हे). जानेवारी २०२० मध्ये केरळहून गेलेल्या पर्यटकांच्या गटातले आठ जण तिथल्या रिसॉर्टच्या एका खोलीत बेशुद्ध आढळले. त्यांत चार मुले होती. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद होत्या आणि खोलीत गॅसचा हीटर सुरू होता. हेलिकॉप्टरने काठमांडूला हलवूनही आठपैकी कुणीही वाचले नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागात एका दाम्पत्याचा आणि त्यांच्या दोन मुलांचा मृत्यू झाला. तिथे बंद खोलीत कोळशाची शेगडी होती. तंबूपुरते बोलायचे तर ब्रिटनमध्ये मे २०१२ मध्ये श्रॉपशर परगण्यातल्या कॅम्पिंगच्या जागेवर १४ वर्षांची मुलगी दगावली. तंबूत आणलेल्या, विझत आलेल्या बार्बेक्यूमधून निघालेला वायू त्याला कारण ठरला.

तिन्ही ठिकाणी आग लागली नाही, स्फोट झाला नाही. कुणी ओरडल्याचाही आवाज आला नाही. सगळे झोपेत घडले.

निखारे धूर देत नाहीत, मग धोका कशाचा?

धोका कार्बन मोनॉक्साईडचा. कोळशाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साईड तयार होतो, कमी मिळाला तर कार्बन मोनॉक्साईड. शेगडीत आणखी एक गोष्ट घडते. तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साईड वरच्या लालभडक कोळशातून जाताना पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि त्याचा मोनॉक्साईड होतो. म्हणजे ज्वाळा आणि धूर संपून निखारे ‘छान फुललेले’ दिसतात, तेव्हाही हा वायू भरपूर निघत असतो. राखेखाली दबलेले निखारे तर हवेअभावी आणखी अपुरे जळतात.

या वायूला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. लाकडाचा धूर निदान खोकला आणून माणसाला बाहेर काढतो. निखारा ती सूचना देत नाही.

शरीरात गेल्यावर तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. ही पकड ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट असते. फुप्फुसे नीट चालत राहतात, श्वास सुरू असतो, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मेंदू आणि हृदयाला फटका सर्वात आधी बसतो.

तंबूत हा वायू किती लवकर साठतो?

साधे गणित करून पाहता येते. तिघांचा घुमटाकार तंबू साधारण दोन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि मध्यभागी सव्वा मीटर उंच असतो. आतली हवा भरते जेमतेम अडीच घनमीटर. दहा बाय दहाच्या खोलीत याच्या दहापटीहून अधिक हवा असते.

हवेत कार्बन मोनॉक्साईडचे प्रमाण ०.१६ टक्के झाले, की वीसेक मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते आणि दोन तासांच्या आत मृत्यू ओढवू शकतो. अडीच घनमीटरच्या ०.१६ टक्के म्हणजे चार लिटर वायू, वजनात साडेचार ग्रॅमच्या आसपास. लाकडी कोळसा जळताना किलोमागे ढोबळमानाने दोनशे ग्रॅमपर्यंत कार्बन मोनॉक्साईड निघू शकतो. या हिशेबाने पूर्ण बंद तंबूत पंचवीस ग्रॅम कोळसाही पुरतो. पंचवीस ग्रॅम म्हणजे बार्बेक्यूत टाकतात तसा एखादा तुकडा.

खरा तंबू अगदी हवाबंद नसतो, हे मान्य. पण शेगडीत एक तुकडा नसून अर्धा-एक किलो निखारे असतात. किलोभर कोळशातून निघणारा वायू वरच्या मर्यादेच्या चाळीसपट भरतो. त्यातला बराचसा फटीतून निघून गेला, तरी उरलेला पुरेसा आहे. ‘चेन थोडी उघडी ठेवली होती’ हा बचाव इथेच कोसळतो. शिवाय थंडीत वरचे आच्छादन जमिनीपर्यंत ओढलेले असते आणि दवाने ओले झालेले कापड हवा कमीच जाऊ देते.

खाली झोपल्याने वाचू, हाही गैरसमज आहे. कार्बन मोनॉक्साईडची घनता हवेच्या जवळपास तेवढीच, किंचित कमी आहे. तो वर जाऊन बसत नाही, सगळीकडे मिसळतो.

गॅस हीटर किंवा छोटी शेगडी चालेल का?

नाही. नव्या, स्वच्छ बर्नरमधून मोनॉक्साईड कमी निघतो हे खरे, पण तो मोकळ्या हवेत. तंबूतला ऑक्सिजन कमी होऊ लागला, की तीच ज्योत अपुरी जळू लागते. काही हीटरमध्ये ऑक्सिजन घटल्यावर गॅस बंद करणारी यंत्रणा असते. मात्र ती ऑक्सिजन पाहते, कार्बन मोनॉक्साईड मोजत नाही. या हीटरचा एक तोटा फारसा कुणी सांगत नाही. एक किलो एलपीजी जळला, की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होते. ते थंड कापडावर जमते आणि स्लीपिंग बॅगवर ठिबकते. ऊब तासभर मिळते, ओल रात्रभर राहते.

आगीचा धोका वेगळाच. तंबूचे पॉलिस्टर किंवा नायलॉन वितळून अंगाला चिकटते आणि बाहेर पडायची वाट एकच चेन असते. स्वयंपाकही म्हणूनच तंबूबाहेर हवा. वारा आहे म्हणून चुलीसमोरचे छोटे कॅम्पिंग बर्नर तंबूच्या तोंडाशी आणणे हे अर्धे आत आणण्यासारखेच आहे.

लक्षणे ओळखायची कशी?

डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, हातपाय गळाल्यासारखे वाटणे. कॅम्पिंगच्या रात्री हे सगळे जागरण, पित्त, प्रवास किंवा दारूच्या खाती टाकले जाते. फरक एकच : एका तंबूतल्या एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी हा त्रास होत असेल, तर कारण हवेत आहे. झोपलेल्याला तर लक्षणे कळतच नाहीत.

करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. बोटाला लावायचे नेहमीचे उपकरण मोनॉक्साईड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्त समजते. माणूस अत्यवस्थ असताना पडद्यावर ९८ दिसू शकते. आकडा पाहून निश्चिंत झालेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उपाय म्हणजे आधी मोकळी हवा आणि मग लवकरात लवकर ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तोच वेळ दीड तासाच्या आसपास येतो. बेशुद्ध व्यक्तीला बाहेर ओढताना तंबूत रेंगाळू नये. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करून १०८ क्रमांकावर फोन करावा आणि ‘कोळशाच्या वायूने गुदमरले’ असे स्पष्ट सांगावे. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच लागते.

इथेच प्रबळमाचीचा प्रश्न वेगळा ठरतो. माचीवर वाहन जात नाही. ठाकूरवाडीहून चढायला तास-दीड तास लागतो आणि रुग्णाला उतरवायचे तर काळोखात खांद्यावर किंवा झोळीतून. रुग्णवाहिका पायथ्याशी वेळेवर आली, तरी ऑक्सिजन आणि रुग्ण यांच्यात अख्खी डोंगरवाट उरते. पवनाकाठी निदान गाडी तंबूपर्यंत येते.

मग ऊब मिळवायची कशी?

आपल्याकडची थंडी हिमालयातली नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. भंडारदरा, हरिश्चंद्रगड, कळसूबाईच्या परिसरातही रात्र बोचरी असते. पण या थंडीला तंबूत विस्तव लागत नाही. झोपलेला माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॉटचा हीटर असतो. ती उष्णता निसटू द्यायची नाही, एवढेच काम.

ती सर्वात जास्त निसटते जमिनीत. पांघरूण वाढवत नेणारे बहुतेक जण अंथरुणाकडे दुर्लक्ष करतात. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो जवळपास निरुपयोगी होतो. म्हणून खाली जाड फोमची चटई हवी, शक्य तर दोन. गिर्यारोहणाच्या दुकानांत चटईवर ‘आर व्हॅल्यू’ लिहिलेली असते, ती जितकी जास्त तितका गारवा कमी. योगासाठीची पातळ मॅट एकटी पुरत नाही. गावात मुक्काम असेल तर खाली भाताचा सुका पेंढा पसरून त्यावर सतरंजी, हा जुना उपाय आजही उत्तम. आणि घोंगडी. धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर रात्री काढल्या त्या हिच्या जोरावर. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, सुती चादर धरत नाही.

स्लीपिंग बॅगवरच्या आकड्यांत ‘कम्फर्ट’ पाहावा, ‘एक्स्ट्रीम’ नव्हे. एक्स्ट्रीम म्हणजे जीव कसाबसा वाचेल ते तापमान, झोप लागेल ते नाही.

झोपण्यापूर्वी घामेजलेले कपडे बदलून कोरडे घालावेत, मोजे आणि कानटोपीसह. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात गुंडाळून पायाशी ठेवली तर काही तास पुरते. पोटात गूळ-शेंगदाणे किंवा पोटभर जेवण असावे. लघवी लागली तर थंडीच्या आळसाने अडवून धरू नये. दारूने ऊब येते हा भास आहे : त्वचेकडचे रक्त वाढते, अंग गरम वाटते आणि शरीरातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते.

जागाही महत्त्वाची. थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते, त्यात पाण्याकाठी ओलावा. ‘लेक टच’ तंबू फोटोला चांगला. झोपायला काठापासून थोडी वरची, झाडांच्या आडोशाची जागा बरी. तंबूचे वरचे झरोके मात्र उघडे ठेवावेत, नाहीतर श्वासातली वाफच आतून पाझरते.

आयोजकांची जबाबदारी काय?

साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत राज्य सरकारने २०१८ मध्ये शासन निर्णय काढला. २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आले आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकट तयार झाली. कागदावरची ही व्यवस्था प्रत्येक शेतात, प्रत्येक धरणकाठी उभ्या राहणाऱ्या तंबूंपर्यंत पोहोचणे हा खरा कस आहे. तोवर आरक्षण करतानाच काही गोष्टी विचारून घेणे पर्यटकाच्या हातात आहे : नोंदणी आहे का, जाड चटई आणि जादा पांघरूण मिळेल का, रात्री जागता माणूस असतो का, बार्बेक्यू रात्री कोण विझवून उचलतो. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण सर्वात कामाचा तोच. निखाऱ्यांवर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून शेगडी तंबूंपासून दूर नेणे हे काम कुणाच्या तरी नावावर असायला हवे.

बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साईड अलार्म ऑनलाइन मिळतात. ते जवळ असणे चांगले, मात्र त्यांच्या भरवशावर आत शेगडी पेटवणे नव्हे. तंबूपेक्षा गाडी बरी म्हणून काच लावून, इंजिन आणि हीटर सुरू ठेवून झोपणाऱ्यांनाही हाच वायू गाठू शकतो, विशेषतः सायलेन्सरचे तोंड गवतात किंवा बांधाला टेकलेले असेल तर. आणि बंद न्हाणीघरातला गॅस गिझर हे याच रसायनाचे घरगुती रूप. त्यासाठी प्रबळमाचीवर जाण्याचीही गरज नाही.