वगळण्याला तारीख हवी

हा लेख लिहिण्याचे निमित्त एक फोल्डर आहे. जुन्या जालन्यातील माझ्या घरी एक लॅपटॉप आणि महाविद्यालयातील मराठी विभागात एक संगणक, अशा दोन ठिकाणी माझे काम चालते. या दोहोंवरील फायलींचा मेळ राखण्यासाठी मी सिंक करणारे एक सॉफ्टवेअर वापरतो. एकीकडे बदललेली ओळ ते दुसरीकडे पोहोचवते, एकीकडे आलेली नवी फाइल दुसरीकडे उतरवते. गेली काही वर्षे जालना जिल्ह्यातील खेड्यांमधून मी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करतो आहे. त्या ध्वनिफिती एका फोल्डरमध्ये आणि त्यांची लिखित संहिता दुसऱ्या फोल्डरमध्ये, अशी सोपी व्यवस्था होती.

एका उन्हाळ्यात घरचे इंटरनेट बंद पडले आणि मोबाइलवरील मोजक्या डेटावर दिवस काढावे लागले. ध्वनिफिती आकाराने मोठ्या. त्यांनीच सारा डेटा खाल्ला असता. म्हणून मी तो एक फोल्डर सिंकमधून वगळला. मनाशी म्हटले, चार दिवसांचा प्रश्न आहे. चार दिवसांनी इंटरनेट आले. फोल्डर मात्र वगळलेलाच राहिला. पुढचे दहा महिने मी त्यात नव्या ध्वनिफिती घालत गेलो, सॉफ्टवेअर ‘सर्व फायली अद्ययावत आहेत’ असे हिरव्या खुणेने सांगत राहिले आणि एके सकाळी लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेऊन ती तशीच परत केली.

उन्हाळ्यापूर्वीच्या ध्वनिफिती विभागातील संगणकावर सुखरूप होत्या. नंतरच्या सर्व गेल्या. त्यांत एका आजींचा आवाज होता. मुद्रण संपल्यावर त्यांनी माझ्या हातातील यंत्राकडे पाहून विचारले होते, ‘‘सर, ह्याच्यात राहील का ओ माझा आवाज?’’ मी ‘‘राहील, आजी’’ म्हणालो होतो. त्या आता नाहीत. त्यांच्या ओव्या माझ्याकडे लिहिलेल्या आहेत; पण दुसऱ्या चरणावर त्या जिथे थांबत आणि मागचा अर्धा चरण पुन्हा घोळवून मगच पुढे जात, ते लिहिलेल्या ओवीत नाही.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. मी वगळ म्हटले, त्याने वगळले. तरीही या प्रकरणाचा विचार करताना असे वाटू लागले की, येथे चूक झाली ती विसरण्याच्या आधीच, ‘तात्पुरते’ या शब्दापाशी झाली. साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दाकडे थोडे निरखून पाहावे, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे. प्रबंध, हस्तलिखितांच्या प्रतिमा, मुलाखती, वर्गातील टिपणे हे सारे आता आपण अशाच फोल्डरांत ठेवतो, आणि गरजेपोटी त्यांतले काही ना काही वगळतोही.

प्रथम हे मान्य करू की वगळणे गैर नाही. जागा अपुरी असते, डेटा महाग असतो, विभागाचा संगणक चार जण वापरतात आणि एखाद्या मुलाखतीतील खाजगी मजकूर तेथे उतरू नये असे वाटणे योग्यच असते. सर्व काही सर्वत्र असलेच पाहिजे, हा हट्ट निरर्थक आहे. प्रश्न आहे तो, वगळणे म्हणजे नेमके काय घडते, हा.

येथे भाषेचाच एक पेच आहे. ‘वगळणे’ या एका क्रियापदाखाली संगणकावर परस्परविरुद्ध गोष्टी घडतात. ड्रॉपबॉक्समधील ‘सिलेक्टिव्ह सिंक’ या सोयीत एखाद्या फोल्डरपुढची खूण काढली, तर तो फोल्डर आपल्या संगणकावरून नाहीसा होतो आणि सर्व्हरवर राहतो. त्याच ड्रॉपबॉक्समध्ये फोल्डर ‘दुर्लक्षित’ करण्याची दुसरी सोय आहे. तिच्यात तो आपल्या संगणकावर राहतो आणि सर्व्हरवरून व आपल्या इतर संगणकांवरून काढला जातो. एका वगळण्यात इथले जाते, दुसऱ्यात तिथले. 1996 साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तयार केलेल्या ‘आरसिंक’ या आज्ञावलीत हाच पेच अधिक उघडपणे दिसतो. मूळ ठिकाणी नसलेल्या फायली दुसऱ्या ठिकाणाहून काढून टाक, अशी आज्ञा तिला दिली, तरी वगळलेल्या फायलींना ती हात लावत नाही. जणू वगळणे हे अभयदान आहे. परंतु त्या आज्ञेला ‘वगळलेलेही काढ’ अशी जोड दिली की, जे वगळले तेच दुसरीकडून नष्ट होते. शब्द एक, फळे दोन. संहितेत असा शब्द आला तर आपण विद्यार्थ्याला संदर्भ पाहायला सांगतो. पडद्यावर आला की मात्र आपण निर्धास्तपणे ‘ओके’ दाबतो.

दुसरी गोष्ट काळाची. ‘तात्पुरते’ हे विशेषण वापरणाऱ्याच्या मनात असते, यंत्राला ते ठाऊक नसते. वनड्राइव्हमध्ये संपूर्ण सिंक थांबवायचे असेल तर 2, 8 किंवा 24 तास असे पर्याय मिळतात. मुदत संपली की काम आपोआप पुन्हा सुरू होते. पण त्याच ठिकाणी एखादा फोल्डर निवडीतून काढला, तर त्याला अशी मुदत नाही. म्हणजे सगळेच थांबवले तर घड्याळ सोबत आहे, आणि एकच गोष्ट बाजूला ठेवली तर नाही. वास्तविक घड्याळाची गरज दुसऱ्या प्रसंगी अधिक आहे. सगळेच थांबले तर माणसाच्या ध्यानात येते. एकच थांबले तर बाकीच्या सुरळीतपणात ते झाकले जाते. माझ्या हिरव्या खुणेने खोटे सांगितले नव्हते. ज्यांचा मेळ घालायचा होता, त्या सर्वांचा मेळ बसलेला होताच.

तिसरी गोष्ट नोंदीची. ‘सिंकथिंग’ हे मुक्त सॉफ्टवेअर काय वगळायचे याची यादी प्रत्येक फोल्डरात एका छोट्या मजकूर-फायलीत ठेवते. ती यादी कोणालाही वाचता येते, ही चांगली गोष्ट. पण ती स्वतः एका संगणकावरून दुसऱ्यावर जात नाही. यामागे कारण आहे: दोन यंत्रांच्या गरजा वेगळ्या असू शकतात. परिणाम मात्र असा की, काय वगळले आहे ही माहिती जिथे वगळले तिथेच राहते. माझी डिस्क गेली तेव्हा ध्वनिफितींबरोबर, त्या वगळल्या होत्या ही नोंदही गेली. विभागातील संगणकावर फोल्डर होता, त्यात जुन्या फिती होत्या, आणि तो अपुरा आहे हे सांगणारे तेथे काहीही नव्हते. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी तो उघडला असता, तर त्याने तोच पूर्ण संग्रह मानला असता.

या तिन्ही अडचणी संगणकाने निर्माण केल्या, असे मात्र म्हणवत नाही. प्रतींचा मेळ घालणे हे आपल्या वाङ्मयव्यवहारातले फार जुने काम आहे आणि त्यात वगळण्याच्या दोन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा आमच्या मराठवाड्यातलीच. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर सारले आणि पुढे कोणी भर घालू नये असे निक्षून बजावले. हे कार्य झाले नसते तर आज आपल्या हाती काय आले असते, याची कल्पनाही करवत नाही. पण नाथांनी दूर सारलेले पाठ कोणते, याची यादी त्यांनी मागे ठेवलेली नाही. त्या काळाची ती रीतच नव्हती. ग्रंथ उपासनेसाठी शुद्ध हवा होता, चिकित्सेसाठी नव्हे. तथापि त्यानंतरच्या अभ्यासकांना नाथपूर्व ज्ञानेश्वरीचा माग जुन्या पोथ्यांतून काढावा लागला, तो त्यामुळेच.

दुसरी तऱ्हा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली पूर्ण झाले. वि. सं. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत वगळणे भरपूर आहे. व्यासांनी सांगितले आणि गणेशाने लिहून घेतले, ही घराघरांत ठाऊक असलेली कथासुद्धा मूळ संहितेत घेतलेली नाही. पण ती फेकलेलीही नाही. मुख्य संहितेबाहेर ठेवलेल्या ओळी ताऱ्याची खूण करून पानाच्या तळाशी दिल्या आहेत. मोठे भाग, त्यांत ही कथाही, परिशिष्टात आहेत. कोणत्या हस्तलिखितांत काय आहे याच्या नोंदी सोबत आहेत. संपादकाचा निर्णय पटला नाही तर तो उलटवण्याची सामग्री त्यानेच वाचकाच्या हाती दिली आहे. वगळलेले पुन्हा आत आणण्याची वाट खुली ठेवणे, हाच ‘तात्पुरते’ या शब्दाचा खरा अर्थ होय. या दृष्टीने पाहिले तर त्या आवृत्तीतील वगळणे अर्ध्या शतकानंतरही तात्पुरतेच आहे, आणि माझे चार दिवसांचे वगळणे पहिल्या दिवसापासून कायमचे होते.

ओव्यांच्याच क्षेत्रातले उदाहरण घ्यायचे तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संग्रहाचे घ्यावे लागेल. महाराष्ट्रातील शेकडो गावांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आल्या. दरम्यानच्या काळात संग्रहाचे काम थांबले होते. ते पुन्हा उचलता आले याचे एक कारण असे की, ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव यांची पद्धतशीर नोंद होती. थांबलेले काम कोठे थांबले हे ठाऊक असले, तरच ते पुढे नेता येते.

यावर कोणी म्हणेल की, हा सिंकचा प्रश्नच नाही. वेगळा बॅकअप घ्यावा म्हणजे झाले. म्हणणे बरोबर आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आता विद्यार्थ्यांनाही सांगतो. एकीकडे चुकून पुसलेले सिंक दुसरीकडेही पुसते. पण बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्येही वगळण्याची यादी असतेच आणि तीही तितकीच मुकी असते. साधन बदलल्याने सवय बदलत नाही.

म्हणून मी एक साधी रीत पाळू लागलो आहे. सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये, जो नेहमी सिंक होतो तेथे, ‘वगळलेले’ नावाची एक मजकूर-फाइल ठेवली आहे. काही वगळायचे झाले तर आधी तिच्यात चार गोष्टी लिहायच्या: कोणता फोल्डर, कोणत्या यंत्रावर, कशासाठी, आणि कोणत्या तारखेला परत घ्यायचा. ती तारीख मोबाइलच्या गजरातही घालायची. वगळलेल्या फोल्डरमध्ये त्या काळात नवे काही टाकायचे नाही. ते शेजारच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. शक्य असेल तर फोल्डर न वगळता सारे सिंकच काही तास थांबवायचे. आणि वगळण्यापूर्वी एका रिकाम्या, बिनमहत्त्वाच्या फोल्डरवर तेच करून पाहायचे, म्हणजे या सॉफ्टवेअरच्या भाषेत इथले जाते की तिथले, ते कळते. यात तंत्रज्ञान असे काही नाही. पानाच्या तळाशी तारा काढून टीप लिहिण्याचाच हा प्रकार आहे, आणि ते काम आपल्याइतके कोणाला सवयीचे असणार?

गेल्या महिन्यात त्या आजींच्या सुनेकडे गेलो होतो. सासूच्या काही ओव्या त्यांना येतात. त्यांनी म्हटलेल्या एका ओवीत माझ्या वहीतल्यापेक्षा दोन शब्द वेगळे आले. वहीत चूक माझ्या ऐकण्याची आहे, की सुनेने ओवी बदलून घेतली आहे, हे ठरवायला मूळ आवाज नाही. मी दोन्ही पाठ लिहून ठेवले आणि खाली टीप दिली: ध्वनिफीत उपलब्ध नाही, वगळली गेली. कोणी वगळली, तेही लिहिले.