मेलेलं छप्पर

मालकाने पोरांना आठ दिवस मामाकडे पाठवलं. म्हातारीला पाठवलं. कुत्रासुद्धा गाडीत घालून नेला. मग नाक्यावरून आम्हा चौघांना आणलं आणि सांगितलं, "मागचं जुनं छप्पर फोडा. सिमेंटचे पत्रे आहेत. घरात धूळ येता कामा नये."

म्हणजे त्याला माहीत होतं. दोस्तहो, माझं भांडण इथनंच सुरू होतं.

पन्नास-साठ वर्षांचा बंगला. मागच्या खोल्यांवर करडे, नागमोडी पत्रे. आम्ही घण घातले, तुकडे खाली फेकले, घमेल्यांत भरले. तोंडाला रुमाल. संध्याकाळी पैसे देताना मालक उदार झाला. "चांगले चार पत्रे घेऊन जा रे तुमच्या झोपडीला." ठेकेदार म्हणाला, "शेट देवमाणूस हाय." मी नेले. मोरीला आडोसा करायला आरीने कापले. खाली पडलेला भुगा आईने कोरडाच झाडला. हे लिहिताना स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटते.

कारण त्या पत्र्यात सिमेंटबरोबर ॲसबेस्टॉस असतं. डोळ्याला दिसणार नाहीत असे दगडाचे धागे. पत्रा शाबूत असतो तोवर सिमेंट त्यांना धरून ठेवतं. फोडला, कापला, ड्रिल मारलं की धागे हवेत, हवेतून फुप्फुसात, आणि तिथे ते रुतून बसतात. वीस, तीस, चाळीस वर्षांनी ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर, नाहीतर मेसोथेलिओमा. तोवर मालक कोण, ठेकेदार कोण, कुणाला आठवतंय? खुन्याला पळायला एवढी सवड कुठे मिळते?

आणि ही काही नवी अक्कल नाही. १९२४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेलला नेली केर्शॉ नावाची ॲसबेस्टॉस कातणारी कामगार बाई मेली. तिच्या फुप्फुसातली धूळ डॉक्टरांनी तेव्हाच छापून जगापुढे ठेवली. तरी ब्रिटनची बंदी आली १९९९ साली. कॅनडाची २०१८ साली. तिथल्या 'ॲसबेस्टॉस' नावाच्या खाणीच्या गावाला २०२० साली स्वतःचं नावही नकोसं झालं. आपल्याकडे? १९८६ पासून नव्या खाणींना परवाना नाही. पण बाहेरून आणलेलं ॲसबेस्टॉस घातलेले पत्रे आजही राजरोस विकतात. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ॲसबेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षं ठेवा. नाक्यावरच्या पोराची नोंद कोण ठेवणार? त्याचा तर हिशोबसुद्धा बिडीच्या पाकिटावर लिहितात.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावलं, मेलेलं खाऊ नका, फेकलेले तुकडे उचलू नका. गावोगाव आमच्या आजा-पणजांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. बहिष्कार सोसला, मार खाल्ला, पण सोडलं. आणि आम्ही शहरात येऊन काय करतोय? मेलेलं छप्पर ओढतोय. उष्टे पत्रे घरी नेतोय. वर 'देवमाणूस' म्हणतोय!

काम सोडा असं मी म्हणत नाही. पोट कुणाला चुकलंय? पण काम आपल्या अटीवर. जुन्या घरात हात घालण्याआधी विचारायचं, पत्रे, पाइप, टाकी कशाची? माहीत नसेल तर ॲसबेस्टॉसच धरून चालायचं. पत्रा शाबूत असेल तर काढायचाच कशाला? रंग मारून राहू दे. काढायचाच तर साबणाच्या पाण्याने हलकेच भिजवायचा, कामभर ओला ठेवायचा. घण नाही, आरी नाही, ग्राइंडर नाही. हुक कापायचे, बोल्ट सोडवायचे, पत्रा अख्खा उतरवायचा. त्याच्यावर पाय द्यायचा नाही. तो फुटतो आणि माणूस खाली जातो. पराती मालकाने बांधून द्यायची. रुमाल आणि निळा डॉक्टरी मास्क काही कामाचे नाहीत. एफएफपी३ किंवा पी१०० गाळणीचा मास्क हवा, तोही गुळगुळीत दाढी करून, चेहऱ्याला चिकटून. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. पत्रे आणि फडकी जाड प्लॅस्टिकात दुहेरी गुंडाळायची. कामाचे कपडे तिथेच सोडायचे. ते धुणाऱ्या आईच्या, बायकोच्या छातीतही तीच धूळ जाते.

याचा खर्च कुणी करायचा? ज्याचं छप्पर, त्याने. पोरांना मामाकडे पाठवण्याएवढी अक्कल आहे, तर चार मास्क घेण्याएवढी दानतही असली पाहिजे. नसेल तर चौघांनी मिळून नाक्यावर परत यायचं. पाचव्यालाही जाऊ द्यायचं नाही.

आणि प्रत्येकाने एक वही ठेवा. तारीख, पत्ता, काय फोडलं, कुणी फोडायला लावलं. चाळीस वर्षांनी डॉक्टर विचारील तेव्हा आपली नोंद आपल्याजवळ पाहिजे.

मोरीचे ते पत्रे मी भिजवून काढले, गुंडाळून, चिकटपट्टी मारून बाजूला ठेवलेत. २०१६ च्या नियमांत कारखान्यातला ॲसबेस्टॉसचा कचरा धोकादायक ठरतो. मग तोच माझ्या वस्तीत आला की भेट कसा होतो? या रविवारी आम्ही चौघं ते पत्रे बंगल्याच्या फाटकाशी परत ठेवणार आहोत. धोकादायक कचऱ्याची गाडी मालकाने बोलवावी.

तुमचं उष्टं, शेट. मोजून घ्या.