नाचवणं म्हणजे थेरपी नव्हे

सध्या कुठल्याही क्लासच्या पाटीवर 'थेरपी' हा शब्द चिकटवला की फी दुप्पट होते. झुंबा तोच, गाणी तीच, फक्त शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. आम्हा आयटीवाल्यांच्या ऑफिसांत तर हे सर्रास चालतं. शुक्रवारी एचआरचं मेल येतं, कॉन्फरन्स रूममधल्या खुर्च्या भिंतीला लागतात आणि तासाभरात सगळ्यांचा स्ट्रेस गेल्याचं फॉर्मवर लिहून घेतात. सोमवारी डेडलाईन जागच्या जागी!

माझा राग नाचावर नाही, बरं का. नाच-उपचार ही खरीखुरी विद्या आहे, म्हणून तर चिडचिड होते. मेरियन चेस या नर्तकीने १९४२ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ मनोरुग्णालयात हे काम सुरू केलं. युद्धावरून परतलेले सैनिक, महिनोन्‌महिने न बोलणारे पेशंट. बाई त्यांना स्टेप शिकवत नसत. समोरचा नुसता पाय हलवत असेल तर तो त्या आपल्या अंगाने उचलत, त्याच लयीत. म्हणजे 'तू बोलत नाहीस, पण मला तू दिसतोयस' एवढंच शरीराने सांगायचं. हालचाल पेशंटची, थेरपिस्ट तिच्या मागे. आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये नेमकं उलटं चालतं.

आता पुरावा काय म्हणतो? २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात नैराश्यावरच्या नृत्य-उपचाराचे कसाला लागणारे अभ्यास सापडले फक्त तीन, माणसं १४७. त्यावरून ठाम काहीच सांगता येईना. २०२४ साली 'बीएमजे'मध्ये व्यायाम आणि नैराश्यावरच्या २१८ अभ्यासांचा एकत्रित हिशोब आला. त्यात नाचाचा परिणाम बराच मोठा दिसला, पण नाचावरचे अभ्यास मोजके आणि छोटे. पेपरांनी पहिलं वाक्य छापलं, दुसरं गाळलं. आणि तो नाच होता, थेरपी नव्हे. सॅम्पल एवढं छोटं असताना कुणी माझ्याकडून रिलीजवर सही मागितली तर मी नाही करणार. पण म्हणून प्रॉडक्ट कचऱ्यातही टाकणार नाही.

'आपल्याकडे हे आधीपासूनच होतं' म्हणणारे भेटतातच. कफ परेडच्या मच्छीमार नगरात हळदीच्या रात्री बँड वाजायला लागला की सत्तरीच्या आजीही वल्हं मारल्यासारखे हात करत रिंगणात येतात. मागे टॉवरांचे दिवे, पुढे अंधारात होड्या. दिवसभर टोपली उचलून आखडलेली पाठ त्या तासाभरात सैल होते, हे बघणाऱ्यालाही कळतं. तरीपण त्याला थेरपी म्हणू नये असं माझं मत आहे. ते त्यांचं जगणं आहे, आपल्या माणसांत असणं आहे. आणि त्या रिंगणात न येणारी, दाराआड बसलेली एखादी असतेच. थेरपी लागते ती तिला. 'चल गं, नाच, बरं वाटेल' म्हणून हात ओढणं हा तिच्यासाठी उपचार नव्हे.

याच किनाऱ्यावर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रबरी होडीतून अतिरेकी उतरले. ज्यांनी ते पाहिलं त्यांना नंतर 'काय पाहिलंत' हे कितीदा सांगावं लागलं असेल! छातीत धडधडतं का, झोप लागते का, हे विचारायला कोण गेलं? भीती आधी अंगात बसते, शब्द मागाहून येतात. शरीराकडून सुरुवात करणाऱ्या उपचारांचं म्हणणं हेच आहे, आणि मला ते पटतं.

पण जे आत पोचतं ते इजाही करू शकतं. माझ्या आधीच्या टीममधल्या एकाने अशाच वर्कशॉपनंतर डिप्रेशनच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. 'अंगातलं सगळं बाहेर पडलं' असं त्याला तिथे सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी भाऊ त्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेला. वर्कशॉपवाल्या बाईंनी 'गोळ्या बंद कर' असं तोंडाने म्हटलं नव्हतं, हेही खरं. पण 'तुझी काही ट्रीटमेंट चालू आहे का?' हेही विचारलं नव्हतं.

शिकलेली माणसं आपल्याकडे नाहीत असंही नाही. कोलकात्याच्या 'संवेद' संस्थेने तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत हे काम वर्षानुवर्षं केलं, आणि त्यांच्याच साथीने आपल्या देवनारच्या टिसने नृत्य-उपचाराची पदविका सुरू केली. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याच्या यादीत तर नृत्य-उपचारक चक्क नावानिशी आहे! तेव्हा पात्रता विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही.

पुढचं मेल आलं की मी एचआरला उलट विचारणार आहे: सेशन घेणाऱ्यांनी हे कुठे शिकलं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, आणि मध्येच कुणी रडायला लागलं तर पुढे काय करायचं ठरलंय? उत्तर आलं तर कळवतो.