खोटे दहा लाख आणि खरी सवय



समाजाच्या ग्रुपवर मुलांच्या प्रमाणपत्रांचे फोटो येतात, ते मी आवडीने बघते. पूर्वी ते पाठशाळेच्या परीक्षेचे असायचे, वक्तृत्वाचे असायचे. हल्ली त्यात एक नवा प्रकार आला आहे. कॉलेजच्या ‘आभासी शेअर बाजार स्पर्धे’त अमका पहिला, तमकी तिसरी. खाली आपण सगळ्या टाळ्यांची चित्रं टाकतो आणि कुणीतरी हमखास लिहितं, “शेवटी व्यापाऱ्याचं रक्त आहे!” मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. या स्पर्धा आज जशा होतात, तशा त्या मुलांना व्यापार शिकवत नाहीत. डाव लावायला शिकवतात.

ज्यांच्या घरी अजून कुणी हे खेळलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोबाईलवर प्रत्येक मुलाच्या नावावर खोटे पैसे जमा होतात, समजा दहा लाख. त्यातून शेअर घ्यायचे, विकायचे. कुठे भाव खऱ्या बाजारातले असतात, कुठे सॉफ्टवेअरच भाव तयार करतं. तीन दिवसांनी किंवा दोन आठवड्यांनी घंटा वाजते आणि ज्याच्या खात्यात सर्वांत जास्त रक्कम, तो पहिला. ढाल, प्रमाणपत्र, फोटो.

माझा पुतण्या मुदखेडहून रेल्वेने नांदेडला कॉलेजला जातो. त्याने भाग घेतला होता. मी कौतुकाने विचारलं, “अभ्यास कसा केलास रे? कंपन्यांचे हिशेब वाचलेस का?” तो हसला. म्हणाला, “काकू, त्याने नंबर येत नाही. सगळे पैसे एकाच ठिकाणी लावायचे. थोडे इथे थोडे तिथे ठेवणारा मधेच कुठेतरी राहतो. आणि बुडाले तर बुडाले, खोटेच तर आहेत!”

मला आधी राग आला. मग विचार केला तेव्हा कळलं, पोरगं बरोबर बोलतंय. या खेळात दुसऱ्याला थोडंफार मिळतं, पण चाळिसावा आणि शेवटचा यांत काही फरक नाही. मग जपून खेळायचं कशाला?

हे हिशेबानेच बघा. दोनशे मुलं आहेत आणि प्रत्येक जण नाणं उडवून सगळी रक्कम लावतो असं धरा. छापा पडला तर दुप्पट, काटा पडला तर शून्य. पहिल्या फेरीनंतर शंभर उरले, मग पन्नास, पंचवीस, बारा, सहा आणि सहाव्या फेरीला तीन. या तिघांच्या खात्यात दहा लाखांचे सहा कोटी चाळीस लाख झालेले असणार. त्यांना बाजारातलं काही कळतं का? नाणं उडवता येतं, एवढंच. पण व्यासपीठावर तेच तिघे उभे राहतील आणि आपण ग्रुपवर रक्ताच्या गोष्टी करू. खरं नुकसान मात्र त्या तिघांचंच. उरलेल्या १९७ जणांना निदान हरल्याचं माहीत आहे. या तिघांना वाटतं, आपल्याला जमतं.

स्पर्धेच्या तारखांचाही खेळ असतोच. ३ जून २०२४ ला निवडणुकीच्या अंदाजांवर सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंकांनी चढला. ४ जूनला निकालाच्या दिवशी तो जवळजवळ चार हजार चारशे अंकांनी कोसळला. ज्या स्पर्धेची घंटा ३ तारखेला वाजली असती तिचा विजेता वेगळा, ४ ला वाजली असती तिचा वेगळा. आपल्या घरांतल्या दुकानांना अशी घंटा नसते. सासऱ्यांच्या वेळची दुकानं ज्यांची अजून उघडी आहेत, त्यांनी एका महिन्यात सर्वांत जास्त कमावलं म्हणून ती टिकली नाहीत. वाईट वर्षी भांडवल शिल्लक राहिलं म्हणून टिकली. उधारी किती द्यायची, माल किती भरायचा, कुणाला नाही म्हणायचं, हे सगळं ज्ञान ‘बुडायचं नाही’ या एकाच गोष्टीभोवती फिरतं. स्पर्धेत त्याला शून्य गुण.

कुणी म्हणेल, खेळच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. घ्यावं लागतं, कारण ढाल मिळाल्यावर पुढची पायरी खऱ्या खात्याची असते, आणि ती बहुतेक वेळा शेअर घेऊन ठेवण्याची नसते, फ्युचर्स-ऑप्शन्सची असते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये या व्यवहारांचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी १०० पैकी ९३ जणांनी पैसे घालवले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये या लोकांत तिशीच्या आतले ४३ टक्के होते, आदल्या वर्षी ३१ टक्के होते. आणि ७२ टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे मैत्रिणींनो, हा मुंबई-पुण्याच्या पोरांचा नाद आहे असं समजून आपण नांदेड-लातूरच्या आयांनी निवांत बसायचं कारण नाही.

मग पैसे गेले कुणाकडे? त्याच अभ्यासात आहे : मोठ्या दलाली संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार यांच्याकडे, आणि त्यांचा बहुतेक सगळा नफा संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या व्यवहारांतून. मजा म्हणजे ही मंडळीसुद्धा खोट्या बाजारावरच शिकतात. जेन स्ट्रीट नावाच्या अमेरिकन कंपनीने तर आपल्या लोकांना सौदे समजावेत म्हणून ‘फिगी’ हा पत्त्यांचा खेळ तयार केला आहे. तो पुन्हा पुन्हा खेळायचा, चूक कुठे झाली ते बघायचं. (सेबीने जुलै २०२५ मध्ये याच कंपनीवर बँक निफ्टीत फेरफार केल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी रुपये अडकवले होते, कंपनीने आरोप नाकारले.) कॅनडात टोरोंटोच्या रोटमन स्कूलमध्ये जगभरच्या विद्यापीठांचे संघ आभासी बाजारात उतरतात, तिथेही एकाच डावावर सगळं संपत नाही, वेगवेगळ्या परिस्थितींच्या अनेक फेऱ्या असतात. तेव्हा सराव वाईट नाही. आपल्याकडे सरावाची लॉटरी झाली, हे वाईट.

आता धर्माचा मुद्दा, कारण तो निघतोच. एक ताई मला म्हणाल्या, “शेअरमध्ये हिंसा नाही, आपल्याला हाच धंदा बरा.” कंपनीचा भाग विकत घेऊन वर्षानुवर्षं ठेवणं हा व्यापारच आहे, त्यात मला वाद नाही. पण सात व्यसनांत पहिलं नाव द्यूताचं आहे, मद्य-मांसाच्याही आधी. आणि दुपारी घेऊन संध्याकाळपर्यंत विकायचं, कंपनी काय बनवते तेही माहीत नसायचं, याला व्यापार म्हणताना माझी तरी जीभ अडखळते. आयकरवाल्यांचीही अडखळते बहुतेक. दिवसाच्या दिवशी घेऊन विकलेल्या शेअरचा नफा ते सट्ट्याच्या धंद्यातच धरतात. परिग्रहाला मर्यादा घालून घेतलेल्या घरातल्या मुलाला आपण ‘जितकं जास्त तितका पहिला’ या खेळाची टाळी देतोय, हे कधीतरी स्वतःलाही विचारावं.

सेबीलाही हे खेळ रुचलेले नाहीत. अशा स्पर्धा आणि लीगबद्दल तिने २०१६ मध्येच सावध केलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर खऱ्या कंपन्यांच्या भावांवर आभासी सौदे चालवणारी ॲप कायद्याचा भंग करतात, असं स्पष्ट सांगितलं आणि तिथे आपली माहिती देऊ नका असंही बजावलं. पुतण्याच्या स्पर्धेच्या फॉर्मवर पॅन क्रमांकाची चौकट होती. खोट्या पैशांच्या खेळाला खरा पॅन कशाला हवा? त्याने ती रिकामी ठेवली, तरी नाव नोंदलं गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये सेबीने आणखी एक नियम केला. शिक्षणाच्या नावाखाली बाजार दाखवायचा तर भाव किमान तीन महिने जुने हवेत, असं तेव्हा ठरलं. मुलं यावर चिडली, पण मला यात सोय दिसते. कॉमर्सच्या सरांनी जुनाच काळ खेळायला द्यावा. मार्च २०२० द्यावा, कंपन्यांची नावं झाकून. २३ तारखेला एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्के पडला होता, तिथे कोण टिकतो ते बघावं. प्रत्येक सौद्यापुढे दोन ओळींत कारण लिहायला लावावं, दलाली आणि कर कापून मगच नफा मोजावा, आणि ज्याचे पैसे मधल्या काळात निम्म्यावर आले तो बाद. शेवटी दहाचे पंधरा झाले तरी बाद. आपल्यातल्या ज्या ताई-वहिनी कॉलेजात शिकवतात किंवा संस्थांवर आहेत, त्यांनी हे एकदा सुचवून तरी बघावं. कदाचित मुलींना जास्त मजा येईल. महिन्याच्या पैशांत घर चालताना त्यांनी आईला रोज पाहिलेलं असतं.

आणि घरी प्रमाणपत्र आलं, तर शिरा करा, ओवाळा, फोटोही टाका. फक्त किती कमावले हे विचारण्याआधी एवढं विचारा : सर्वांत खाली गेले होते, तेव्हा तुझ्याकडे किती उरले होते? माझ्या पुतण्याला हे विचारलं तेव्हा तो थोडा वेळ मोबाईलमध्ये शोधत राहिला. म्हणाला, “काकू, ते यात दिसतच नाही.”