सुई बाईची, कात्री मास्तरची : हे कोणी ठरवले?

ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरात शिवणवर्ग म्हटला की तो 'महिलांसाठी' असतो. फलकावर तसे लिहिलेले असते, आणि लिहिलेले नसले तरी सगळ्यांना ठाऊक असते. आम्ही काही कार्यकर्त्यांनी विहारातल्या बैठकीत एवढेच सुचवले की या वर्गात तरुण मुलांनाही बसू द्यावे. सुईत दोरा ओवणे, धावदोरा, उलटी टीप, काज-बटण, इतक्या साध्या गोष्टींपासून सुरुवात करावी. बैठकीत हशा पिकला. "काय बे, आता पोट्टे फॉल-पिको करतीन का?" असे एकाने विचारले आणि विषय तिथेच संपला.

हसणारे कोणी मनुवादी नव्हते. जयभीम म्हणणारे, जयंतीला रात्रभर राबणारे, संविधानाची उद्देशिका तोंडपाठ असणारे आपलेच भाऊ होते. म्हणून या हशाचे उत्तर देणे आम्हाला गरजेचे वाटते.

पहिला प्रश्न. सुई खरोखर बाईची आहे का? चंद्रपूरच्या गोल बाजारात जा. दुकानात मशीनवर कोण बसले आहे? मास्तर. गळ्यात टेप, हातात कात्री, आणि गिऱ्हाईक त्याला 'मास्तर' म्हणूनच हाक मारते. महाराष्ट्राला पूज्य असलेले नामदेव शिंपी होते. फाटलेला कोट बेमालूम जोडणारा रफूगार पुरुष असतो. आपल्याच जिल्ह्यातला ढिवर बांधव तलावाच्या पाळीवर बसून जाळे विणतो आणि फाटले की स्वतःच सांधतो. धनगर मेंढ्यांमागे चालता चालता लोकर कातत आला आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन माणसाच्या कातडीला टाके घालतो, तेव्हा त्याला कोणी बायकी म्हणत नाही. लांब कशाला, 2920 मेगावॅटच्या आपल्या महाऔष्णिक वीज केंद्रात वाफेच्या पाइपांवर रॉकवुलच्या गाद्या गुंडाळून त्या तारेने शिवणारे, सांधणारे कंत्राटी कामगार आपल्याच वस्तीतले आहेत. दिवसभर तार ओवणारा तोच कामगार घरी येतो आणि शर्टाचे तुटलेले बटण बायकोपुढे टाकतो.

म्हणजे पुरुषाला शिवता येत नाही असे नाही. जिथे मजुरी, दुकान, पाटी किंवा पदवी आहे, तिथे सुई पुरुषाची. जिथे काही मिळत नाही, तिथे तीच सुई बाईची. शिलाईच्या धंद्यातही हीच उतरंड दिसते. कटिंग मास्तर पुरुष, आणि हेम, काज-बटण, फॉल लावणे ही घरी बसून, नगावर, थोड्या पैशांत करायची कामे बाईकडे. सुईला लिंग नाही. लिंग मजुरीला आहे.

जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेल्या पायऱ्यांची, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. आपण ते जातीपुरते पाठ केले. घराच्या चौकटीत ते लागू करायचे राहून गेले.

धाग्याच्या इतिहासात तर या दोन्ही उतरंडी शेजारी शेजारी दिसतात. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मजूर मजूर भाई भाई म्हणणाऱ्यांना या एका धोट्याने उघडे पाडले. त्याच गिरण्यांत बायका कुठे होत्या? बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये, म्हणजे कमी पगाराच्या खात्यांत. धागा एकच होता. त्याच्या एका टोकाला जातीची भिंत होती आणि दुसऱ्या टोकाला बाईपणाची. पहिल्या भिंतीविरुद्ध आपण लढलो. दुसरीला मात्र आपण अजून टेकून बसलो आहोत.

यावर आमचे मित्र एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, "बाबासाहेबांनी पिढीजात कामे सोडायला सांगितली. विदर्भातले आपले पूर्वज जाडेभरडे कापड विणत होते. गिरण्या आल्या, माग मोडले, आपण शिकलो. आता पोरांच्या हातात पुन्हा सुई-दोरा देऊन तुम्ही त्यांना मागे नेता का?"

आमचे उत्तर असे. बाबासाहेबांचा विरोध सक्तीला होता. जन्मावरून लादलेले, मोबदला नसलेले, अपमान चिकटलेले काम सोडा, हा त्यांचा आदेश होता. कौशल्याशी त्यांचे वैर नव्हते. ज्यांना त्यांनी गुरू मानले त्या तिघांपैकी कबीर विणकर होते. जातीने लादलेले काम आणि स्वतः निवडून शिकलेले काम यांत गुलाम आणि नागरिक यांच्याइतके अंतर आहे. 2023 साली केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना आणली, तिच्या 18 व्यवसायांत शिंपीही आहे. तिच्यावर तमिळनाडूने पिढीजात धंद्याला बळ देणारी म्हणून आक्षेप घेतला, तो आम्हाला रास्त वाटतो. आमच्या मुलाने इंजिनिअर व्हावे, वकील व्हावे, कलेक्टर व्हावे. पण कलेक्टर झाला तरी त्याचे बटण तुटणारच आहे. ते कोणी लावायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आणि एक विचारतो. पिढीजात काम सोडा हा आदेश फक्त पुरुषांसाठी होता का? घरातले शिवणे, सांधणे, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणे हे तुमच्या आईचे पिढीजात, बिनमोबदल्याचे काम नव्हते का? तिला त्यातून कोणी सोडवले?

दुसरा आक्षेप असा की नोकऱ्या संपत आहेत, कंत्राटीकरण वाढत आहे, आरक्षणाला कात्री लागत आहे, अशा वेळी हा किरकोळ विषय कशाला? 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, हेही स्पष्ट केले. हा नकार आपल्या माजघरात बसला असेल तर तो किरकोळ कसा? हिंदू कोड बिलासाठी 1951 साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्यांच्या नेत्याने बाईच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, त्या अनुयायांना बाईच्या हातातली सुई अर्धा तास आपल्या हातात घेता येत नाही?

आता धम्माकडे वळू. भिक्खूच्या आठ आवश्यक वस्तूंत सुई आहे. वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळायचे वस्त्र यांच्याच पंक्तीत सुई. म्हणजे ज्या पुरुषाने घर सोडले, त्याला आपले चीवर स्वतः शिवता आणि सांधता आले पाहिजे, ही विनयाची अपेक्षा आहे. 'कठिन' या शब्दाचे मूळच चीवर शिवण्यासाठी वापरायच्या चौकटीत आहे. वर्षावास संपल्यावर कठिन चीवराचे काम संघाने मिळून एका दिवसात पुरे करायचे असते. चीवराची रचना कोणी केली? मगधातल्या शेतांचे बांध दाखवून तथागतांनी विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदांनी तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. आपल्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्या आणि त्यांचे धुरे पाहा, म्हणजे भन्तेजींच्या अंगावरची जोडणी कुठून आली ते कळेल.

धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांच्या चीवराची गोष्ट आहे. चीवर शिवायला महाकश्यप, सारिपुत्त, आनंद बसले, भिक्खूंनी दोरा वळला आणि सुईत दोरा ओवला तो स्वतः बुद्धांनी. मित्रांनो, जे काम तथागतांना कमीपणाचे वाटले नाही, ते तुम्हाला बायकी वाटते, तर तुमची दीक्षा कुठे अडली आहे ते तपासा. जगात इतरत्रही हे नवल नाही. पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या विणणे हे पुरुषांचे काम आहे आणि मुलगे ते लहानपणीच शिकतात. पुरुषार्थ सुईने बुडत असता तर ते बेट केव्हाच बुडाले असते.

तिसरा आक्षेप बायकांकडून आला आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वर्गातल्या एका ताईंनी विचारले, "पुरुष आले की तेच मास्तर होतील, आणि आम्ही पुन्हा काज-बटणाला. मग?" हे भय खोटे नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामचा चरखा आठवा. घराघरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सूत कातत होत्या, तेव्हा ते नुसते काम होते. मोठ्या पुरुषांनी कातले, तेव्हा ती साधना झाली. सुताला मान मिळाला, पण विणकराची जात जिथल्या तिथे राहिली आणि कातणारी बाईही. निवडणुकीच्या तोंडावर नेते 'महिला सक्षमीकरण' म्हणून शिलाई मशीन वाटतात, त्यातही हाच डाव असतो. बाईने घरातच राहावे, स्वयंपाक सांभाळून नगावर शिवावे आणि मजुरीचा दर विचारू नये.

म्हणून मुलांना वर्गात घेताना आम्ही तीन अटी मांडतो. एक, मुलगा मशीनवर नंतर बसेल. आधी हातसुईने स्वतःचा शर्ट, बहिणीचा ड्रेस, वडिलांचा कामावरचा गणवेश सांधायला शिकेल. आधी घराचा वाटा उचलायचा, धंदा त्यानंतर. दोन, शिकवणारी ताईच असेल. तिला मानधन मिळेल आणि मुले तिला वर्गात 'मॅडम' म्हणतील, जशी कोचिंग क्लासमध्ये म्हणतात. तीन, वर्गातून शिलाईचे काम बाहेर घेतले तर कटिंग, शिलाई, काज-बटण ही सगळी कामे आळीपाळीने सगळे करतील आणि मजुरीची विभागणी वहीत उघड लिहिली जाईल. कात्री कायम पुरुषाकडे आणि सुई कायम बाईकडे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

सुरुवात कशाने करायची, तेही सांगतो. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसासाठी वस्त्या-वस्त्यांत पंचशील ध्वज लागतात आणि आपण ते बाजारातून आणतो. हा ध्वज नवशिक्यासाठी चांगला धडा आहे. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी अशा पाच उभ्या पट्ट्या आणि सहावी पट्टी त्याच पाच रंगांच्या तुकड्यांची. सगळ्या टिपा सरळ. मापात कापायचे, कडा दुमडायच्या, उलट्या टिपेने जोडायचे. पहिला ध्वज वाकडा होईल. उसवा आणि पुन्हा शिवा. बोटाला सुई टोचेल, तेव्हा आईच्या बोटांकडे एकदा नीट बघा.

विहार समित्यांना आमचे जाहीर आवाहन आहे. शिवणवर्गाच्या फलकावरचा 'महिलांसाठी' हा शब्द काढा आणि त्या जागी 'सर्वांसाठी' लिहा. आणि मुलांनो, कोणी हसले तर त्यांना इतकेच विचारा, बुद्धांनी दोरा ओवला तेव्हा तुम्ही हसला असता का?

जयभीम.