घरकुल पक्कं झालं, पण लाईटचा बोर्ड कच्चाच! दोन-तीन हजारांची बचत कुटुंबाला पडू शकते महागात

गावोगावी सध्या घरकुलांची कामं जोरात आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं मिळाली. सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यावर राज्य सरकारने आणखी ५० हजारांची वाढ दिली, त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी. पण वाळू, सिमेंट, सळई आणि मजुरीचे भाव पाहता हा पैसा स्लॅब पडेपर्यंतच संपतो. मग शेवटी राहिलेल्या लाईट फिटिंगवर कात्री चालते. ही काटकसर नेमकी चुकीच्या जागी होतेय.

फोटोत भिंत दिसते, वायर दिसत नाही

घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे सुटतात. पाया, मग लिंटल, मग छत असे मोबाईलवर जागेसह फोटो काढले जातात. भिंतीच्या आत कोणती वायर टाकली, बोर्डात काय बसवलं, अर्थिंग केलं की नाही, हे त्या फोटोत येत नाही.

नवीन वीज जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. नियम चांगला आहे. पण घर न बघताच त्या कागदावर सही झाली, तर तो नुसताच कागद राहतो. शिवाय मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी आहे. घरातल्या खराब वायरिंगमुळे काही बरं-वाईट झालं, तर ‘महावितरणची चूक’ म्हणून हात वर करता येत नाहीत.

एका बल्बचं घर आता राहिलं नाही

२०१७ साली सौभाग्य योजना आली तेव्हा अनेक गरीब घरांत एका पॉईंटची वायरिंग आणि एक एलईडी बल्ब एवढंच बसवलं होतं. आज त्याच घरात फ्रीज, मिक्सर, कूलर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड आणि बोअरची एक एचपीची मोटार आहे. भार कितीतरी पटींनी वाढला, पण बऱ्याच ठिकाणी वायर तीच आणि चिनी मातीचा किटकॅट फ्यूजही तोच. फ्यूज उडाला की त्यात जाड तार गुंडाळायची, ही जुनी सवय. त्या जाड तारेने फ्यूज उडायचा थांबतो आणि त्याऐवजी भिंतीतली वायर जळते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून जास्त माणसं दगावली. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात उतरलेला करंट, कपडे वाळत घालायची लोखंडी तार, उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरला लागलेला हात, अशा बातम्या दरवर्षी येतात.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ‘एमसीबी बसवलाय, आता काळजी नाही,’ असं अनेकजण म्हणतात. एमसीबीचं काम वायर वाचवायचं. भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर तो पडतो. पण माणसाच्या अंगातून जाणारा करंट एक अँपियरच्याही खूप खाली असतो. १६ अँपियरच्या एमसीबीला तो कळतसुद्धा नाही. माणूस जातो आणि एमसीबी चालूच राहतो.

माणूस वाचवायचं काम आरसीसीबी करतो. गावात अजूनही त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतोय का, हे तो सतत बघतो. अंगातून किंवा ओल्या भिंतीतून करंट जमिनीत गेला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपियरचाच घ्यायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती वापरासाठी हीच मर्यादा आहे. १०० किंवा ३०० मिलीअँपियरचा थोडा स्वस्त मिळाला, तरी तो माणसासाठी नाही.

मात्र आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, तर तो पडेलच असं नाही. जास्त भार त्याला कळत नाही. म्हणून आरसीसीबी आणि एमसीबी, दोन्ही लागतात.

दोन-तीन खोल्यांच्या घराला काय लागतं?

(गावात ‘डीपी’ म्हणजे ट्रान्सफॉर्मर. घरातल्या या पेटीला वायरमन ‘डीबी’ म्हणतात.)

• मीटरनंतर २५ किंवा ३२ अँपियरचा डबल पोल एमसीबी. तो पाडला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.
• त्याच्यापुढे ४० अँपियर, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी.
• दिवे-पंख्यांना ६ अँपियरचा एमसीबी.
• स्वयंपाकघराच्या पॉवर पॉईंटला १६ अँपियरचा.
• गिझर किंवा घरगुती मोटारीला वेगळा १६ किंवा २० अँपियरचा. मोटार चालू होताना करंट खेचते, म्हणून तिथे ‘सी’ प्रकारचा.

आठ मॉड्यूलच्या पेटीत हे सगळं बसतं. बाजारात ब्रँडप्रमाणे भाव कमी-जास्त आहेत, पण साधारण हिशोब असा: पेटी ५०० ते ८००, आरसीसीबी १,२०० ते २,०००, डबल पोल एमसीबी ४०० ते ६००, आणि तीन साधे एमसीबी मिळून ५०० ते ७००. म्हणजे एकूण अडीच ते चार हजार. जुन्या पद्धतीचा मेन स्विच आणि फ्यूज यापेक्षा दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो. वाचतात ते पैसे एवढेच.

काटकसर करायचीच असेल तर पेटी साधी घ्यावी, फॅन्सी स्विच आणि पीओपीतले दिवे नंतर बसवावेत. आरसीसीबी, वायर आणि अर्थिंग यात कपात नको.

‘सारखा पडतो’ म्हणून मोठा एमसीबी? नकोच

एमसीबीचा आकडा वायरीच्या जाडीवर ठरतो. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटर वायरीवर ३२ अँपियरचा एमसीबी टाकला, तर आधी वायर वितळेल आणि मग एमसीबी पडेल. पॉवर पॉईंटला अडीच आणि मोठ्या गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते.

आरसीसीबी सारखा पडत असेल तर त्याचा अर्थ कुठेतरी करंट गळतोय. सगळे एमसीबी बंद करायचे, सगळे प्लग काढायचे, मग एकेक चालू करून बघायचं. बऱ्याचदा दोष जुन्या मोटारीत, रॉडमध्ये किंवा ओल्या स्विचबोर्डात सापडतो. न्यूट्रल आणि अर्थिंग कुठे एकत्र जोडलं असेल तरी तो टिकत नाही. अशा वेळी काही वायरमन आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देतात. लाईट येते, पण घराची राखण निघून जाते.

अर्थिंगला पर्याय नाही

न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडणं किंवा नळाच्या पाईपला तार गुंडाळणं, हे दोन्ही धोक्याचं आहे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर अशा जोडणीमुळे फ्रीज-कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो. घराला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहायला हवं. न्यूट्रल तुटून व्होल्टेज वाढलं तर एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही काही करत नाहीत. टीव्ही-फ्रीज वाचवायला ओव्हर व्होल्टेजचं वेगळं संरक्षण लागतं.

खरेदी करताना

आठवडी बाजारात किंवा रस्त्यावर मिळणारा बिनशिक्क्याचा माल टाळावा. आयएसआय मार्क आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक बघावा. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते मोबाईलवरच कळतं. पक्कं बिल घ्यावं. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं, आणि पैसे देण्याआधी आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबून दाखवायला सांगावं. बटण दाबलं की लाईट गेलीच पाहिजे. पुढे दर महिन्याला हीच तपासणी घरच्यांनीही करावी.

प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्याआधी छताबरोबर बोर्डाचाही एक फोटो मागायला वेगळा खर्च येत नाही. आरसीसीबी आणि अर्थिंग दिसल्याशिवाय घर पूर्ण धरायचं नाही, एवढी अट ग्रामसभेने ठराव करून पंचायत समितीकडे मागितली तरी सुरुवात होऊ शकते. छप्पर पक्कं देणाऱ्या योजनेत त्या छपराखालची लाईटही पक्की असावी, ही मागणी काही जास्तीची नाही.