पाचवा नियम राहून गेला

२१ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, ग्लेन्डेल येथील प्रचंड स्टेडियममध्ये जी सभा झाली तिला शोकसभा म्हणावे, ख्रिस्ती उपासना म्हणावे की राजकीय मेळावा म्हणावे, असा प्रश्न कोणाही तटस्थ प्रेक्षकाला पडावा. अकरा दिवसांपूर्वी युटा राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांशी सवाल-जबाब करीत असताना चार्ली कर्क या ३१ वर्षांच्या तरुण नेत्याची गोळी घालून हत्या झाली होती. वयाच्या अठराव्या वर्षी, २०१२ मध्ये, त्यांनी ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ ही उजव्या विचारसरणीच्या विद्यार्थ्यांची संघटना काढली. २०२१ मध्ये तिला चर्चच्या माध्यमातून काम करणारी धार्मिक शाखा जोडली. लग्न करा, मुलेबाळे होऊ द्या, चर्चला जा, हा उपदेश ते निवडणुकीच्या प्रचाराइतक्याच हिरिरीने तरुणांना करीत. ग्लेन्डेलच्या त्या सभेत भक्तिगीते झाली. कर्क यांच्या पत्नी एरिका यांनी, ज्या तरुणावर हत्येचा आरोप आहे त्याला आपण क्षमा करतो, असे सांगितले. त्यानंतर बोलावयास उभे राहिलेले राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की, या बाबतीत आपले चार्लीशी जमत नव्हते. आपण आपल्या विरोधकांचा द्वेषच करतो.

क्षमा आणि द्वेष ही दोन्ही एकाच व्यासपीठावरून, एकाच दुपारी उच्चारली गेली. त्यानंतरच्या रविवारी अमेरिकेतील हजारो लहानमोठ्या मंडळ्यांमध्ये सोळा-सतरा वर्षांची मुले आपल्या युवक-पाळकासमोर बसली असतील, आणि यांतले ख्रिस्ती कोणते, असे त्यांपैकी कोणी विचारले असेल, तर त्या पाळकाने काय उत्तर द्यावयाचे होते? तो बहुधा तिशीतला, नुकता संसार थाटलेला, मंडळीच्या पगारावर असलेला माणूस. त्याची श्रद्धा, त्याचे घर, त्याचे काम आणि त्याचे मत या चार गोष्टींची सांगड कशी घालावी याविषयी तेथे पुष्कळ लिहिले जाते. परंतु बहुतेक लेखन हा प्रश्न व्यक्तीच्या संयमाचा आहे असे धरून चालते. तो मुख्यतः संयमाचा नाही, व्यवस्थेचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा ज्याच्या संयमाविषयी शत्रूनेही शंका घेतली नाही अशा एका माणसाच्या चरित्रात सापडतो. तो माणूस म्हणजे बिली ग्रॅहम.

मोडेस्टो येथील चार कलमे

ग्रॅहम यांची जगाला असलेली ओळख लक्षावधींच्या सभा घेणारे सुवार्तिक अशी आहे. त्यांची सुरुवात मात्र युवक-कार्यातूनच झाली. १९४५ मध्ये ‘यूथ फॉर ख्राइस्ट’ या चळवळीचे पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते म्हणून ते गावोगाव फिरू लागले. १९४३ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. पहिली मुलगी जन्मली तेव्हा ते दौऱ्यावरच होते.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या गावी ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी एकत्र बसले आणि फिरत्या धर्मोपदेशकांची अब्रू कशाने जाते याची त्यांनी यादी केली. तीवरून चार कलमे ठरली. पैशाच्या बाबतीत पारदर्शक राहावयाचे; पत्नीखेरीज अन्य स्त्रीबरोबर एकांतात राहावयाचे नाही; गर्दीचे आकडे फुगवावयाचे नाहीत; स्थानिक मंडळ्यांवर टीका न करता त्यांच्या सहकार्याने काम करावयाचे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कलमे फार आवडावीत अशी आहेत, कारण त्यांत माणसाच्या सद्‌गुणांवर भिस्त नाही. मोहाची संधीच कमी करण्यावर भर आहे. १९५० मध्ये अटलांटा येथील सभांनंतर तेथील वृत्तपत्राने पैशाच्या थैल्या उचलणारे स्वयंसेवक आणि निरोप घेताना हसणारे ग्रॅहम अशी दोन छायाचित्रे छापली. ती ग्रॅहम यांना इतकी झोंबली की, त्यांनी सभेच्या अखेरीस मिळणारी ‘प्रेमाची देणगी’ घेणेच बंद केले. संस्था नोंदवली, आणि तिच्याकडून वर्षाला १५ हजार डॉलर असा ठरावीक पगार ते घेऊ लागले. गर्दी वाढली म्हणून उपदेशकाचा खिसा वाढत नाही, असा हा बंदोबस्त होता. पुढे १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीवरील कित्येक धर्मोपदेशक पैसा आणि स्त्री या दोन खड्ड्यांत पडले. ग्रॅहम पडले नाहीत.

परंतु चार कलमांत सत्तेचे कलम नव्हते, आणि ग्रॅहम घसरले ते नेमके तेथेच.

राजकारण टाळून धर्मसभा घेता येते ही समजूत किती तकलादू आहे याचा एक अनुभव त्यांनी मुंबईतही घेतला होता. जानेवारी १९५६ मध्ये ते भारतात आले तेव्हा मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेने शहर पेटलेले होते. त्यांची येथील जाहीर सभा रद्द करावी लागली आणि ते दक्षिणेकडे गेले. स्वतःच्या देशात मात्र असे पुढच्या गावी निघून जाणे शक्य नव्हते. आणि प्रत्येक वेळी ते गेलेही नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद करावयास हवे. १९५३ मध्ये चॅटनूगा येथे गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांना वेगळे करणारे दोर त्यांनी स्वतः काढून टाकले. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांना प्रार्थनेसाठी पाचारण केले. दक्षिणेतील एका बॅप्टिस्ट उपदेशकाने त्या काळी असे करणे ही राजकीय कृतीच होती. फक्त ती कोणा उमेदवाराच्या पदरात पडणारी नव्हती. किंग यांच्या मोर्चात ते सामील झाले नाहीत, हेही तितकेच खरे.

उमेदवाराच्या पदरात पडणारी कृती घडली ती रिचर्ड निक्सन यांच्या मैत्रीत. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. विद्यार्थी आणि सरकार यांच्यातील संबंध इतके विकोपाला गेलेले असताना, त्याच महिन्याच्या २८ तारखेला टेनेसी विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये भरलेल्या आपल्या धर्मसभेत ग्रॅहम यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भाषणासाठी उभे केले. युद्धविरोधी विद्यार्थ्यांनी ‘खून करू नको’ ही बायबलमधलीच आज्ञा फलकांवर लिहून आणली होती. त्यांच्यापैकी काहींना अटक झाली आणि आरोप ठेवला गेला तो धार्मिक सभेत व्यत्यय आणल्याचा. राष्ट्राध्यक्षाचे भाषण कायद्याच्या दृष्टीने उपासना ठरले! तरुणांना ख्रिस्ताकडे आणण्यासाठी ज्याने आयुष्य वाहिले त्याच्या सभेतून तरुणच पोलिसांच्या गाडीत बसले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी द्यावी तेवढ्या जागेहून अधिक जागेची आहे.

पुढे वॉटरगेटच्या ध्वनिफितींनी ग्रॅहम यांना आपल्या मित्राची दुसरी बाजू दिसली. २००२ मध्ये १९७२ ची आणखी एक फीत उघड झाली. तीत निक्सन यांच्या ज्यूविरोधी बोलण्याला खुद्द ग्रॅहम दुजोरा देताना ऐकू येतात. त्यांनी माफी मागितली. पैशाचा मोह हिशेबतपासनीस पकडू शकतो. सत्ताधाऱ्याच्या खोलीत आपले बोलणे त्याच्या बोलण्यासारखे कधी होऊ लागले, हे कोणत्याही वहीत नोंदले जात नाही. २०११ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की, पुन्हा संधी मिळाली तर आपण राजकारणापासून दूर राहू आणि घरी अधिक वेळ देऊ.

टेबलाखालचा पाय

या दोन पश्चात्तापांचा परस्परांशी संबंध आहे. १९६४ मधील एक प्रसंग ग्रॅहम यांनीच आपल्या १९९७ च्या आत्मचरित्रात दिला आहे. व्हाइट हाउसमध्ये भोजन चालले असता राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संभाव्य उमेदवारांची नावे वाचून, उपाध्यक्षपदासाठी कोणाला निवडावे, असे ग्रॅहम यांना विचारले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी रूथ यांनी टेबलाखालून त्यांना पाय मारला. “का मारलास?” असे हे गृहस्थ सर्वांसमक्ष विचारते झाले, तेव्हा रूथबाईंनी स्पष्टच सांगितले की, तुम्ही आपला सल्ला नीती आणि धर्म यांपुरताच ठेवावा. जॉन्सन यांनी मान डोलावली, आणि स्त्रिया उठून गेल्यावर हळूच पुन्हा विचारले: आता सांगा, तुम्हाला खरे काय वाटते?

मोडेस्टोच्या यादीत नसलेले पाचवे कलम ते हेच. ते लिहिलेले नव्हते. ते घरात होते, आणि घरधनी वर्षातले कित्येक महिने घराबाहेर होता. रूथबाई चीनमधील मिशनरी डॉक्टरांची कन्या. नवरा बॅप्टिस्ट असूनही आपला प्रेस्बिटेरियन पंथ त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पाच मुले त्यांनीच वाढवली. त्यांना मते नव्हती असे कोणी समजू नये: १९७५ मध्ये शार्लट येथे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सभेत त्यांनी एका निदर्शकाचा फलक हिसकावून पायाखाली घेतला आणि त्यापायी त्यांच्यावर खटला झाला, जो न्यायाधीशांनी काढून टाकला. मत असणे आणि ते नवऱ्याच्या व्यासपीठावर चढू देणे यांतील फरक मात्र त्या नवऱ्याहून अधिक ओळखत होत्या.

त्यांच्या पश्चात (त्या २००७ मध्ये वारल्या) काय झाले ते सर्वज्ञात आहे. २०१२ च्या निवडणुकीपूर्वी, मिट रॉम्नी यांच्या भेटीनंतर, ९३ वर्षांच्या ग्रॅहम यांच्या नावाने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. ‘बायबलची मूल्ये’ मानणाऱ्यांना मत द्या, असा त्यांचा मजकूर होता. ग्रॅहम यांनीच १९५६ मध्ये स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ नियतकालिकाने डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असा अग्रलेख लिहिला, तेव्हा चिरंजीव फ्रँकलिन यांनी, आपल्या वडिलांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांनाच मत दिले होते, असे जाहीर केले. २०१८ मध्ये दिवंगत झालेल्या बापाचे गुप्त मतदान मुलाने चव्हाट्यावर आणावे, यावर काय भाष्य करावे? पुढच्याच वर्षी ग्रॅहम यांच्या एका नातीने वृत्तपत्रात लेख लिहून ट्रम्प यांना मिळणाऱ्या इव्हँजेलिकल पाठिंब्याविरुद्ध आवाज उठवला. एका घराच्या तीन पिढ्या, आणि एकच शुभवर्तमान.

पगार कोण देतो?

आता त्या अनाम युवक-पाळकाकडे वळू. ग्रॅहम यांच्यामागे लक्षावधी देणगीदार होते. एक रागावला तर दुसरा होता. या पाळकाच्या मागे एक मंडळी असते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात, पाचव्या भागात, हा विषय हाताळला आहे: सरकारी वेतनावरील धर्मगुरू आळसावतो, लोकांच्या देणगीवर जगणारा उत्साही राहतो. अमेरिकेतील चर्चांचा जोम या तत्त्वाची साक्ष देतो. पण देणगीवर जगणाऱ्याच्या उत्साहाची दिशा कोण ठरवतो, हा पुढचा प्रश्न उरतोच. युवक-पाळकाचे श्रोते सोळा वर्षांचे; त्याला पगार देतात त्यांचे आईबाप आणि आजोबा. राहत्या घराचा भत्ता, कुटुंबाचा आरोग्यविमा, सारे त्याच नोकरीला टांगलेले. मुलांना जे ऐकण्याची गरज आहे आणि पालकांना जे ऐकवून घ्यावयाचे आहे, त्यांत अंतर पडले की तो दोहोंच्या मध्ये सापडतो. २०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातील आठांनी ट्रम्प यांना मत दिले आणि २०२४ मध्येही हे प्रमाण जवळपास तेच राहिले. अशा मंडळीत ग्लेन्डेलच्या द्वेषाच्या वाक्याला नावे ठेवणारा पाळक धैर्यवान असेल. त्याच्या बायकोला मात्र घरभाड्याचा विचार करावाच लागेल. उदारमतवादी मंडळीत उलट मत मांडणाऱ्याची अवस्थाही याहून निराळी नाही.

आणि गप्प बसण्याचीही किंमत आहे. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००७ मध्ये ७८ टक्के प्रौढ अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत. २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. १८ ते २४ वयोगटात हे प्रमाण ४६ टक्के आहे. अलीकडे ही घसरण थांबल्यासारखी दिसते, आणि तिची कारणेही अनेक आहेत: लांबलेली लग्ने, विखुरलेली घरे, बदललेली नीती. तथापि मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच दाखवून दिले होते की, धर्म आणि एक राजकीय पक्ष यांची गाठ घट्ट झाली तसे त्या पक्षाशी न जुळणारे लोक देव नव्हे, तर धर्माचे नाव टाकू लागले. आपल्याकडे सप्ताहाच्या मांडवात पुढाऱ्यांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेकडे पाहून मागच्या मागे उठून जाणारा तरुण वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल.

या पाळकाला आजवर एक आडोसा होता. करमुक्त संस्थांनी कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करू नये, हे बंधन १९५४ मध्ये कायद्यात आले, आणि ते आणणारे सिनेटर होते लिंडन जॉन्सन. दहा वर्षांनी भोजनाच्या टेबलावर उपदेशकाचे मत चाचपणारे तेच जॉन्सन. या कलमाखाली चर्चवर कारवाई क्वचितच झाली. पण त्याचा खरा उपयोग कारवाईत नव्हताच. मंडळीतील वजनदार सभासदाने, अमक्यासाठी दोन शब्द बोला, असे सुचवले की पाळकाला नम्रपणे म्हणता येत असे, माझी हरकत नाही हो, पण कायदा आड येतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कर खात्याने टेक्सासमधील एका दाव्यात भूमिका घेतली की, उपासनेच्या वेळी आपल्या मंडळीशी उमेदवारांविषयी बोलणे हा प्रचारातील हस्तक्षेप मानू नये. हे स्वातंत्र्य वाढले म्हणून अनेकांनी आनंद व्यक्त केला. दाव्याचे काहीही होवो, वजनदार सभासदांनी ती बातमी वाचली आहे. यापुढे ते विचारतील तेव्हा त्या तरुण पाळकाला, मला नाही बोलावयाचे, एवढेच उत्तर उरते, आणि ते त्याला स्वतःच्या नावावर द्यावे लागेल.